ऊब किती, ओझे किती, किंमत किती?

मुलुंडला अकरावीत शिकणारी एक मुलगी मे महिन्यात हिमाचल प्रदेशातल्या पदभ्रमणाला जाणार आहे, असे समजू. मुक्काम चार हजार मीटर उंचीपर्यंतचे, सगळे सामान स्वतःच्या पाठीवर. पांघरूण घ्यायला ती वडिलांबरोबर दुकानात जाते. दुकानदार दोन रजया पुढे टाकतो. दोन्ही बदकांच्या मऊ पिसांच्या, दोन्हींची लांबी-रुंदी सारखी, जाडीही सारखी. मात्र दुसरी रजई पहिलीपेक्षा सुमारे १४५ ग्रॅमने हलकी आणि सुमारे २,३०० रुपयांनी महाग आहे. वडील विचारतात, “एवढ्याशा वजनासाठी एवढे पैसे?” दुकानदार म्हणतो, “साहेब, डोंगरात ग्रॅम-ग्रॅम मोजतात.” मुलगी दोघांच्या तोंडाकडे पाहते.

दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे उत्तर नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात आणि साध्या भागाकारात आहे. ते या लेखात शोधू. प्रश्न रजईचा असला तरी हिशेबाची रीत इतर अनेक खरेद्यांना लागू पडते, म्हणून वर्गात मांडायलाही हा विषय चांगला आहे.

रजई ऊब देत नाही

सुरुवात एका नेहमीच्या गैरसमजापासून करू. रजई ऊब निर्माण करत नाही. ऊब निर्माण करते ते आपले शरीर. झोपलेला प्रौढ माणूस साधारण ७० वॅट इतकी उष्णता बाहेर टाकत असतो. ही उष्णता किती वेगाने निसटावी, एवढेच रजई ठरवते.

उष्णता अडवायला सर्वांत सोयीचा आणि फुकट मिळणारा पदार्थ म्हणजे हवा. स्थिर हवेची उष्णतावाहकता मीटरला आणि अंशाला सुमारे ०.०२५ वॅट असते, पाण्याची सुमारे ०.६ वॅट. म्हणजे पाणी हवेपेक्षा चोवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. पण हवेत एक खोड आहे. ती स्थिर राहत नाही. गरम झाली की वर जाते, तिची जागा थंड हवा घेते, आणि या अभिसरणातून उष्णता निसटते. हवेला बारीक बारीक कप्प्यांत कोंडले तर हे अभिसरण थांबते. कापूस, लोकर, पॉलिस्टरचे तंतू आणि पिसे यांचे खरे काम एवढेच. तंतू ही हवेच्या खोल्यांच्या भिंती आहेत, ऊब राखते ती खोल्यांतली हवा.

घाटकोपर-मुलुंडच्या जुन्या चाळींतून पूर्वी पिंजारी फिरत असे. त्याच्या तारेचा टणत्कार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. वर्षभरात गादी-रजईतला कापूस दबून गोळे होत. पिंजारी तो पिंजून द्यायचा. कापूस तेवढाच, वजन तेवढेच, पण ढीग पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा दिसायचा. पिंजाऱ्याने त्यात घातली ती फक्त हवा. त्या रात्री रजई जास्त उबदार का लागायची, याचे उत्तर त्या हवेत आहे.

फिंच यांचा कोट

पक्ष्यांनी हे तंत्र फार पूर्वी साधले आहे. हिवाळ्यात हिमालय ओलांडून महाराष्ट्रातल्या जलाशयांवर उतरणारे पट्टकादंब बाहेरून गुळगुळीत पिसांचे दिसतात. त्या पिसांच्या खाली, मुख्यतः छाती-पोटावर, दुसऱ्या प्रकारच्या पिसांचा थर असतो. या पिसांना मधला ताठ दांडा जवळजवळ नसतोच. एका बिंदूपासून शेकडो बारीक धागे सर्व दिशांना फुटलेले असतात, जणू सावरीच्या बोंडातली म्हातारीच. दाबले की ती चिमूटभर होतात, सोडले की पुन्हा फुलतात. गिर्यारोहक यांना ‘डाऊन’ म्हणतात. बाजारातले डाऊन रानपक्ष्यांचे नसते. ते बहुतांशी मांसासाठी पाळलेल्या बदकांचे आणि हंसांचे असते.

डाऊन गिर्यारोहणात आणणाऱ्यांत एक नाव महाराष्ट्राशी जोडलेले आहे. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत बहुतेक ब्रिटिश गिर्यारोहक लोकरीचे आणि ट्वीडचे कपडे घालून गेले होते. जॉर्ज इंगल फिंच या रसायनशास्त्रज्ञाने मात्र बलूनसाठी वापरतात ते कापड घेऊन, त्यात आयडर बदकाची पिसे भरून स्वतःसाठी कोट शिवून घेतला. आधी त्याची थट्टा झाली, पुढे थंडी वाढली तसा सहकाऱ्यांना हेवा वाटू लागला. त्या मोहिमेत फिंच आणि जेफ्री ब्रूस यांनी प्राणवायूच्या साहाय्याने सुमारे ८,३०० मीटरची उंची गाठली. तोपर्यंत एवढ्या उंचीवर कोणी चढलेले नव्हते. हेच फिंच १९५२ ते १९५७ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते.

किती जाडी हवी?

रजईची निवड करताना पहिला प्रश्न वजनाचा नाही आणि किमतीचाही नाही. तो जाडीचा आहे. उष्णतावहनाचे सूत्र पाठ्यपुस्तकातलेच आहे: दर सेकंदाला निसटणारी उष्णता म्हणजे वाहकता गुणिले क्षेत्रफळ गुणिले तापमानातला फरक, भागिले जाडी.

आकडे घालून पाहू. पिसांच्या थराची वाहकता ०.०३५ धरू. ती नुसत्या हवेपेक्षा थोडी जास्त असते, कारण तंतूंमधून आणि प्रारणानेही काही उष्णता जाते. झाकलेले अंग दीड चौरस मीटर, त्वचेचे तापमान ३३ अंश, बाहेर शून्याखाली २ अंश. फरक ३५ अंश. जाडी ५ सेंटिमीटर असेल तर निसटणारी उष्णता सुमारे ३७ वॅट येते. शरीर ७० वॅट देते आहे. उरलेल्यातली काही श्वासावाटे, काही खालच्या जमिनीत, काही फटींतून जाते, आणि हिशेब कसाबसा जुळतो. जाडी अडीच सेंटिमीटर केली की एकट्या रजईतूनच सुमारे ७४ वॅट निसटतात. शरीराची सगळी मिळकत तिथेच संपते, कुडकुडणे सुरू होते आणि रात्रभर झोप लागत नाही. चार हजार मीटरवर, विरळ हवेत, दिवसभर चालून थकलेल्या शरीराला हे नुसते गैरसोयीचे नसते, ते धोक्याचे असते.

आता सह्याद्रीकडे येऊ. उपनगरांतले गिरिप्रेमी थंडीत शनिवारी रात्री घाटकोपर किंवा मुलुंडहून कसारा लोकल धरतात. अंधेरीची मंडळी २०१४ पासून मेट्रोने घाटकोपरला येऊन त्यांना मिळतात. वाट हरिश्चंद्रगडाची असो की कळसूबाईची, तिथली थंडी वेगळ्या मापाची असते. उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे, म्हणजे समुद्रसपाटीपेक्षा तिथे साधारण दहा-अकरा अंश कमी. आजवर मुंबईत सांताक्रूझला नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, २७ जानेवारी १९६२ चे. पण अशी रात्र क्वचितच येते. सह्याद्रीतल्या नेहमीच्या हिवाळी मुक्कामासाठी १० अंश धरले तर अडीच सेंटिमीटर जाडीतूनही सुमारे ४८ वॅटच निसटतात. तिथे जाड डाऊनची गरज नाही. पॉलिस्टरची पातळ रजई किंवा चांगले ब्लँकेट आणि अंगावर स्वेटर, कानटोपी एवढ्यात काम भागते. घरची गोधडीही भागवेल, फक्त तिचे दोन-अडीच किलो पाठीवर घ्यायची तयारी हवी.

आपल्या मुलुंडच्या मुलीला हिमालयात जायचे आहे. तेव्हा तिची जाडी ५ सेंटिमीटर ठरली. ही संख्या यापुढे हलवायची नाही.

फुगवट्याचे माप

एवढी जाडी किती पिसांत मिळेल, हे पिसांच्या फुलण्यावर अवलंबून आहे. त्याच्या मापाला इंग्रजीत ‘फिल पॉवर’ म्हणतात. आपण त्याला फुगवटा-अंक म्हणू. माप सोपे आहे. एक औंस, म्हणजे २८.३५ ग्रॅम पिसे उभ्या नळकांड्यात टाकतात, वर ठरावीक वजनाची हलकी तबकडी ठेवतात, आणि पिसांनी किती घनइंच जागा व्यापली ते पाहतात. ५५० घनइंच भरले तर फुगवटा-अंक ५५०. चाचणीपूर्वी पिसे कशी तयार करायची याच्या पद्धती देशोदेशी थोड्या वेगळ्या आहेत, म्हणून निरनिराळ्या देशांच्या लेबलांची तुलना जपून करावी.

आपल्या एककांत आणायचे तर अंकाला ०.५७८ ने गुणावे. ५५० अंकाचे एक ग्रॅम डाऊन सुमारे ३१८ घनसेंटिमीटर जागा व्यापते, ८५० अंकाचे सुमारे ४९१. एका ग्रॅमने अर्धा लिटर हवा धरून ठेवावी, हे खरोखर नवल आहे. अंक वाढतो तो पिसांचे पुंजके मोठे आणि अभंग असल्यामुळे, आणि त्यांत दांडे असलेली साधी पिसे कमी असल्यामुळे. असे पुंजके सहसा मोठ्या, पूर्ण वाढलेल्या पक्ष्यांपासून मिळतात आणि निवडून वेगळे काढावे लागतात. किंमत वाढण्याचे कारण इथे आहे.

पहिला हिशेब: वजन

रजई २ मीटर लांब आणि १.३ मीटर रुंद धरू. क्षेत्रफळ २६,००० चौरस सेंटिमीटर. जाडी ५, म्हणून घनफळ १,३०,००० घनसेंटिमीटर. हे घनफळ भरायला लागणारी पिसे अशी:

फुगवटा-अंक ५५०: ४०९ ग्रॅम
फुगवटा-अंक ६५०: ३४६ ग्रॅम
फुगवटा-अंक ७५०: ३०० ग्रॅम
फुगवटा-अंक ८५०: २६५ ग्रॅम
फुगवटा-अंक ९५०: २३७ ग्रॅम

प्रत्येक पायरीला अंक शंभरानेच वाढला आहे. वाचलेले वजन मात्र अनुक्रमे ६३, ४६, ३५ आणि २८ ग्रॅम आहे. पायरी तीच, लाभ घटत जाणारा. याचे कारण पिसांच्या गुणात नाही, गणितात आहे. वजन आणि अंक व्यस्त प्रमाणात आहेत, त्यांचा गुणाकार स्थिर आहे. आलेख काढला तर सरळ रेषा न येता उतरत जाऊन सपाट होणारा वक्र येतो. दहावीच्या विद्यार्थ्यांना व्यस्त चलन समजावताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

दुसरा हिशेब: पैसा

आता भाव. पिसांचे भाव देशोदेशी आणि वर्षावर्षाला बदलतात, म्हणून पुढचे आकडे केवळ गणितासाठी धरलेले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी दुकानातले खरे आकडे घालावेत. समजा ५५० अंकाच्या एका ग्रॅमला ८ रुपये, ६५० ला ११, ७५० ला १५, ८५० ला २१ आणि ९५० ला ३० रुपये पडतात. मग रजईतल्या पिसांची एकूण किंमत अनुक्रमे ३,२७२, ३,८०६, ४,५००, ५,५६५ आणि ७,११० रुपये होते.

प्रत्येक पायरीला वाढलेले पैसे, भागिले वाचलेले ग्रॅम, असा भागाकार केला की एक ग्रॅम वाचवण्याची किंमत मिळते. ५५० वरून ६५० वर जाताना ती साधारण साडेआठ रुपये आहे. ६५० वरून ७५० वर जाताना १५ रुपये. पुढच्या पायरीला ३० रुपये, आणि शेवटच्या पायरीला ५५ रुपये. आकडे धरलेले असले तरी त्यांची चढण काल्पनिक नाही. भाव अंकापेक्षा वेगाने चढत असेल तर प्रत्येक पुढचा ग्रॅम वाचवायला आधीच्यापेक्षा जास्त पैसे लागणारच, कारण दुसरीकडून लाभ घटतो आहे.

हुशार विद्यार्थ्यांना इथे एक प्रश्न द्यावा: भाव नेमका अंकाच्याच प्रमाणात वाढला तर काय होईल? उत्तर गमतीचे आहे. तसे झाल्यास सर्व रजयांतल्या पिसांची एकूण किंमत सारखीच येईल आणि हलकेपणा फुकट मिळेल!

वाचलेला ग्रॅम पाठीवर किती जाणवतो, हेही पाहू. शेवटच्या पायरीचे २८ ग्रॅम म्हणजे दोन घोट पाणी. ते हजार मीटर उंच नेण्यासाठी सुमारे २७५ ज्यूल कार्य लागते. स्नायूंची कार्यक्षमता पाव धरली तर शरीराला सुमारे १,१०० ज्यूल खर्च येतो. एका शेंगदाण्यातून मिळणाऱ्या ऊर्जेचा हा जेमतेम दहावा भाग झाला. अर्थात, म्हणून दुकानदाराला हसू नये. तंबू, भांडी, कपडे, रजई अशा पंधरा-वीस वस्तूंमधून थोडे थोडे वजन काढले तर दोन-तीन किलो कमी होतात, आणि ते गुडघ्यांना नक्की कळतात. ग्रॅम मोजावेतच. फक्त प्रत्येक ग्रॅमची किंमतही मोजावी.

स्वस्त ग्रॅम आधी

वजन फक्त पिसांत नसते. रजईला खालून-वरून कापड लागते, दोन्ही मिळून ५.२ चौरस मीटर. चौरस मीटरला ५० ग्रॅम वजनाचे कापड असेल तर ते २६० ग्रॅम भरते, ३५ ग्रॅमचे असेल तर १८२. फरक ७८ ग्रॅम, म्हणजे फुगवट्याच्या पहिल्या पायरीपेक्षाही जास्त. हलक्या कापडाला ८०० रुपये जादा पडतात असे धरले तर हा ग्रॅम सुमारे १० रुपयांना पडला. हलके कापड जपून वापरावे लागते, काट्याकुट्यांत आणि शेकोटीच्या ठिणगीने ते लवकर फाटते, हे मात्र लक्षात ठेवावे.

याहून स्वस्त ग्रॅम आकारात आहेत. स्लीपिंग बॅग अंगाला चहूबाजूंनी वेढते. पण पाठीखालची पिसे शरीराच्या भाराने दबतात, त्यांतली हवा निघून जाते आणि ती जवळजवळ निरुपयोगी होतात. जमिनीकडे जाणारी उष्णता खरी अडवते ती खालची कॅरीमॅट. म्हणून अनेक पदयात्री बॅगेऐवजी रजई घेतात. रजईत पाठीखालचा भाग नसतोच. तो भाग एकूण बॅगेच्या तिसऱ्या हिश्शाएवढा धरला तर ५५० अंकाच्या आपल्या हिशेबात सुमारे दोनशे ग्रॅम पिसे वाचतात, आणि त्यासाठी जादा पैसे पडत नाहीत, उलट कमी पडतात. अट दोन गोष्टींची. मॅट चांगली हवी, आणि कूस बदलताना कडेने थंड हवा आत येऊ नये म्हणून रजई मॅटला बांधायची सोय हवी. कडाक्याच्या थंडीत, वाऱ्यात, किंवा झोपेत फार हलणाऱ्या माणसाला बॅगच बरी.

आता दुकानात परत जाऊ. समोरच्या दोन रजया म्हणजे ५५० आणि ८५० अंकाच्या, जाड कापडाच्या. दुसरी १४४ ग्रॅमने हलकी आणि २,२९३ रुपयांनी महाग. त्याऐवजी ६५० अंकाची पिसे आणि हलके कापड असलेली रजई शोधली तर? पिसांत ६३ आणि कापडात ७८ असे १४१ ग्रॅम वाचतात. जादा खर्च ५३४ अधिक ८००, म्हणजे १,३३४ रुपये. हलकेपणा जवळजवळ तोच, आणि सुमारे ९६० रुपये हातात उरले. त्यांत चांगली मॅट घेण्याला हातभार लागेल. युक्ती एवढीच की सर्वांत स्वस्त ग्रॅम आधी विकत घ्यायचा, मग त्याच्या पुढचा, आणि पैसे संपले की थांबायचे. आयुष्यात एकदाच हिमालयात जायचे असेल तर भाड्याच्या पांघरुणाचाही हिशेब करावा. किंमत भागिले वापरलेल्या रात्री, हा भागाकार तिथे पुरेसा आहे.

फसवे हलकेपण

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. वजन कमी करण्याचा एक तिसरा मार्ग आहे आणि तो लेबलावर सहज कळत नाही: पिसेच कमी भरायची. समजा ८५० अंकाच्या रजईत फक्त २०० ग्रॅम पिसे आहेत. २०० गुणिले ४९१, म्हणजे ९८,२०० घनसेंटिमीटर. क्षेत्रफळाने भागले की जाडी ३.८ सेंटिमीटर येते. तिच्यातून निसटणारी उष्णता ३७ वरून ४८ वॅटवर जाते. ही रजई ६५० अंकाच्या ३४६ ग्रॅमवाल्या रजईपेक्षा हलकी, बहुधा महागही, आणि तरीही थंड आहे. अंक मोठा म्हणजे ऊब जास्त, असे नव्हे. म्हणून दुकानात एकूण वजनावर न थांबता दोन गोष्टी विचाराव्यात: आत पिसे किती ग्रॅम, आणि त्यांचा फुगवटा-अंक किती. दोन्ही मिळाल्या की जाडी कोणीही विद्यार्थी काढू शकेल.

दुसरा शत्रू ओलावा आहे, आणि उपनगरात राहणाऱ्यांना तो दाराशीच भेटतो. ओली पिसे एकमेकांना चिकटून लोळागोळा होतात. फुगवटा पाचव्या हिश्शाने घटला तर ९५० अंकाचे महाग डाऊन ७६० अंकाचे होऊन बसते. मोजलेले जादा पैसे असे निमूटपणे वाया जातात. मुंबईच्या पावसाळ्यात बंद माळ्यावर, आवळून बांधलेल्या पिशवीत डाऊन ठेवू नये. ते सैल कापडी पिशवीत, कोरड्या कपाटात ठेवावे आणि पाऊस सरला की वाऱ्यावर फुलवावे. पदभ्रमणातही रात्रभराच्या घामाचा दमटपणा पिसांत साठत जातो, म्हणून रोज सकाळी रजई थोडा वेळ उन्हात टाकावी. सह्याद्रीतल्या पावसाळी मुक्कामाला डाऊन नेऊच नये. पॉलिस्टर जड असते, पण ओले झाले तरी बरेचसे फुललेले राहते आणि लवकर वाळते.

वर्गात करून पाहण्यासारखे

डाऊन शाळेत मिळणार नाही, पण जुन्या उशीतला कापूस मिळेल. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बरणी घ्या. १० ग्रॅम दबलेला कापूस तीत टाका, वर पुठ्ठ्याची चकती ठेवा आणि उंची मोजा. मग तोच कापूस हातांनी नीट पिंजून पुन्हा मोजा. तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची, भागिले वजन, असा प्रत्येक वेळचा फुगवटा घनसेंटिमीटरमध्ये काढा.

पुढे स्टीलचे दोन सारखे पेले घ्या. दोन्हींत सारखेच गरम पाणी सारख्याच प्रमाणात ओता. एकाभोवती २० ग्रॅम कापूस दाबून, दोऱ्याने आवळून बांधा. दुसऱ्याभोवती तेवढाच कापूस पिंजून, सैल कापडात गुंडाळा. वरून दोन्हींवर सारखी झाकणे ठेवा. दर पाच मिनिटांनी तापमान लिहा आणि आलेख काढा. शेवटी सैल कापसावर थोडे पाणी शिंपडून प्रयोग पुन्हा करा. हवेची किंमत आणि ओलाव्याचा तोटा या तीन आलेखांतून विद्यार्थ्यांना स्वतःच दिसेल.

मग त्यांना मुलुंडच्या मुलीचा प्रश्न घाला, पण आमचे भाव देऊ नका. त्यांनी जवळच्या दुकानांतून खरे भाव, कापडाचे वजन आणि पिसांचे वजन विचारून आणावे आणि आपापले कोष्टक मांडावे. जाडी आधी ठरवायची आणि ती शेवटपर्यंत बदलायची नाही, एवढा एकच नियम त्यांना घालून द्या. कोणाचे उत्तर ६५० येईल, कोणाचे ७५०. एखादा विद्यार्थी सगळा हिशेब करून ‘पांघरूण भाड्याने घ्यावे’ असेही म्हणेल. भागाकार बरोबर असेल तर त्यालाही पूर्ण गुण द्यावेत.